रत्नाबाईचे दहा उपवास

भाद्रपदातलं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व संपलं की आमच्या उचगावच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, महिला मंडळातर्फे उपवास केलेल्यांचा सत्कार होतो. मंडळाची चिटणीस मी. पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवल्यामुळे माइक धरायची आणि न विचारता सल्ला द्यायची खोड मला लागली आहे. त्या वर्षी दहाच्या दहा दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर काढणाऱ्या चौघीजणी होत्या. त्यांतली एक रत्नाबाई. तिला शाल मी पांघरली. पांघरताना तिच्या खांद्याचं हाड माझ्या तळव्याला टोचलं. आणि मी माइकवर काय म्हणावं? "तप कसं असतं ते बघा. देह झिजवलाय या माउलीनं." टाळ्या पडल्या. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

रत्नाबाई माझ्या घरामागच्या चाळीत राहायची. पत्र्याच्या पाच खोल्या, पाच बिऱ्हाडं आणि टोकाला एकच संडास. माहेर तिचं सीमेवरच्या एका खेड्यातलं. आईला ती अव्वा म्हणायची आणि चिडली की कानडीत पुटपुटायची. सासर कबनूरचं. नवरा यंत्रमागावर होता. छातीच्या दुखण्यानं तो गेला तेव्हा पोरगा पारस सहा वर्षांचा. दिरांनी वर्षभर सांभाळलं आणि मग रोज जेवताना ताटाकडे बघायला लागले. रत्नाबाईनं एक ट्रंक उचलली, पोराचा हात धरला आणि उचगावला मावशीकडे आली, ती इथलीच झाली. पापड लाटले, शेवया केल्या, लग्नाच्या पंगतीत पुऱ्या तळल्या. पुढं रुईकर कॉलनीतल्या शांतिनाथअण्णांच्या घरी स्वयंपाकाला लागली. तिथं तिची एकोणीस वर्षं गेली. पारस मोठा झाला आणि बापासारखाच कबनूरला मागावर उभा राहिला; लग्न झाल्यावर बिऱ्हाडही तिकडंच केलं.

तिच्या जिभेला धार होती. माझ्या आमटीची चव घेऊन म्हणायची, "बाई, शाळेत पोरांस्नी मारत हुता तसंच मिठाला बी मारलंय जणू. गप पडलंय बिचारं." मला राग यायचा आणि हसूही यायचं.

पण एका गोष्टीची थट्टा तिला चालायची नाही. ती म्हणजे चौका. मुनी महाराज गावात आले की शांतिनाथअण्णांकडे त्यांचा आहार व्हायचा. त्यासाठी जो स्वयंपाक लागतो तो अगदी शुद्ध: पाणी गाळून उकळलेलं, धान्य एकेक दाणा निवडलेलं, करणारी बाई धुतलेल्या वस्त्रातली आणि निरोगी. तो चौका रत्नाबाईचा. "माझ्या हातचा घास महाराजांच्या ओंजळीत पडतोय, बाई. मला आणि काय पाहिजे?" असं ती म्हणायची तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा असायचा. सोनंनाणं नव्हतं, घर नव्हतं. होतं ते एवढंच.

शांतिनाथअण्णांची शिरोलीला फाउंड्री आहे. माणूस भला. त्या जानेवारीत एका सोमवारी त्यांना शौचाला रक्त दिसलं. बुधवारी दुर्बीण आत घालून तपासणी झाली, आतड्यात गाठ निघाली आणि पुढच्या मंगळवारी पुण्यात ऑपरेशन झालंसुद्धा. पोटाला चार लहान भोकं, तेवढ्यावर निभावलं. नवव्या दिवशी अण्णा घरी सोफ्यावर बसून पेपर वाचत होते. हे सगळं मला रत्नाबाईनंच सांगितलं. त्यांची सून आदिती तिला कौतुकानं सगळं समजावून सांगायची. "लवकर गावली म्हणून वाचलं, बाई. आदल्या दिवशी कसली तरी पावडर पाण्यातनं पाजत्यात, मग पोट धुऊन निघतंय. अण्णांनी खोलीतच टीव्ही लावून पिलं. संडास खोलीतच हाय न्हवं त्यांचा."

मे महिन्यात रत्नाबाईला रक्त दिसलं.

तिनं ते कुणाला सांगितलं नाही. मूळव्याध असेल म्हणून औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या. मग खाल्लं की डाव्या कुशीत कळ यायला लागली. कळ नको म्हणून तिनं खाणं कमी केलं. आधी रात्रीचं सुटलं. नाहीतरी दिवस मावळल्यावर आम्ही जेवत नाहीच, त्यामुळे कुणाच्या लक्षातही आलं नाही. मग सकाळचं निम्मं झालं. कुणी विचारलं तर म्हणायची, आज अष्टमी आहे, आज चतुर्दशी आहे. आमच्यात उपवासाला तिथी कमी नाहीत. आणि उपवास करणाऱ्या बाईला "का गं जेवत नाहीस?" असं विचारायची पद्धत नाही; तिला नमस्कार करायचा असतो.

आदितीला का सांगितलं नाही, असं सगळे विचारतात. मी सांगते. रक्त जाणारी आजारी बाई चौक्यात चालत नाही. तिला कुणी हाकललं नसतं. "रत्नाबाई, तुम्ही जरा विश्रांती घ्या," असं गोड बोलून दुसरी ठेवली असती. आणि चौक्यातून एकदा बाहेर पडलेली बाई परत आत येत नाही, हे एकोणीस वर्षांत तिनं बघितलं होतं. म्हणून ज्या घरातून नुसता एक फोन गेला असता तर काम झालं असतं, नेमक्या त्याच घरात तिनं तोंडाला कुलूप घातलं. एका फोनचं काम होतं, हे आदिती नंतर मला किती वेळा म्हणाली! पण मी म्हणते, माणसाचा जीव असा कुणाच्या तरी फोनवर का लटकलेला असावा? ज्याच्या ओळखीचं कुणीच नाही त्यानं काय करायचं?

जूनमध्ये ती इथल्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी पोट दाबून बघितलं आणि म्हणाले, दुर्बिणीची तपासणी करा, उशीर करू नका. बाहेर खासगीत करायची तर महिन्याचा पगार घालून वर उसनवारी. सरकारी योजनेतून फुकट होती. फुकट म्हणजे तारखेनं. त्या दवाखान्याचं नाव मी घेत नाही. तिथली माणसं वाईट नव्हती, फक्त रांग मोठी होती. पहाटेच्या वडापनं, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या जीपनं, जाऊन केसपेपर काढायचा, बारा वाजता कळायचं की आजचे नंबर संपले. तिसऱ्या खेपेला ऑगस्टची तारीख मिळाली. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध आणायला पारसनं मागावरची पाळी बुडवली आणि आईला घेऊन गेला. यंत्र दुरुस्तीला गेलं होतं. पुढची तारीख मिळाली ती अनंत चतुर्दशीनंतर तिसऱ्या दिवसाची.

मधल्या काळात तिनं ते दहा उपवास केले आणि मी तिच्या अंगावर ती शाल घातली.

सत्काराच्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली. हातात दवाखान्यातनं दिलेली पावडरीची पाकिटं आणि छापील सूचना. "बाई, एवढं वाचा की." तिचं मूळव्याधीचं काहीतरी तपासायचं आहे एवढंच मला माहीत होतं. मी चष्मा लावून वाचलं. आदल्या संध्याकाळपासून तीन लिटर पाण्यातून हे प्यायचं, पंधरा-वीस वेळा शौचाला जावं लागेल, पोट पूर्ण साफ झालं पाहिजे.

रत्नाबाईनं बोटांवर मोजलं. मग म्हणाली, "पाच बिऱ्हाडं हाईत, बाई. मी रातभर संडासात बसलो तर लोक दार मोडतील की. सकाळच्या पाळीची माणसं कुठं जातील?"

माझ्या घरात दोन संडास आहेत. एक साधा, एक माझ्या गुडघ्यांसाठी खुर्चीसारखा. "माझ्याकडं ये रात्रीची," एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण रात्रभर बाई आत-बाहेर करणार, सून काय म्हणेल, सकाळी धुवायचं कुणी, असलंही मनात आलं. आणि मी शहाणी काय बोलले? "अगं, दहा दिवस तुझ्या पोटात अन्नाचा कण नाही. पारण्यालाही चार चमचे मुगाचं पाणीच घेतलंयस. मग साफ करायला आत आहे काय?"

तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. "व्हय की! माझ्या ध्यानात न्हाई आलं. देवानंच साफ केलंय पोट." ती पाकिटं माझ्याच टेबलावर ठेवून गेली. मलाही हायसं वाटलं. दोघींची अडचण एका वाक्यात सुटली होती.

पारसला पुन्हा रजा मिळेना. पाळ्या बुडवणाऱ्याच्या जागी मालक दुसरा उभा करतो. म्हणून तपासणीला मी गेले. सकाळपासून बसून दुपारी नंबर लागला. आत जाऊन दहा मिनिटं झाली नाहीत तोच एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली. डोळ्यांखाली काळं, दमून गेलेली पोर.

"पोट साफ नाही. काहीच दिसत नाही. परत यावं लागेल."

माझ्यातली शिक्षिका उसळली. "अहो, दहा दिवस काही खाल्लेलं नाही तिनं! नुसत्या पाण्यावर उपवास केलेत!"

"आजी, न खाल्ल्यानं आतडं रिकामं होत नाही. त्यासाठीच औषध दिलं होतं. घेतलं का त्यांनी?" तेवढ्यात साडी सावरत रत्नाबाई दारात आली. डॉक्टरीण तिच्याकडे वळली. "औषध घेऊ नका असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी भिंतीवरच्या पाटीकडे बघायला लागले.

"कुणी न्हाई," रत्नाबाई म्हणाली. "माझं मीच."

पुढची तारीख डिसेंबरची मिळाली. कागदावर डॉक्टरणीनं काय काय लिहिलं होतं ते मी वडापमध्ये वाचलं. चार महिने रक्त, वजनात घट. मी तिला तिथंच झापलं. आधी का नाही बोललीस, आजच आदितीला सांगते, असं म्हणाले. तिनं माझा हात घट्ट धरला. "बाई, महावीराची शपथ हाय तुम्हाला. माझा चौका जाईल. डिसेंबर काय लांब हाय?" मी शपथ पाळली. असल्या बाबतीत आम्ही फार शूर.

त्याच आठवड्यात शांतिनाथअण्णांची फेरतपासणी झाली. सगळं स्वच्छ निघालं. घरात आनंद झाला आणि रत्नाबाईनं त्यांच्यासाठी हुग्गी केली. गव्हाची अशी खीर आमच्याकडे दुसऱ्या कुणाला जमायची नाही. वाटीभर माझ्यासाठी घेऊन आली. तू खाल्लीस का म्हटलं, तर म्हणाली, "वास घेतला की पोट भरतंय."

डिसेंबर लांबच होता. दिवाळी झाली आणि पंधरवड्यात, भर दुपारी, अण्णांच्या स्वयंपाकघरात ती पडली. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं. तीन दिवस शौचाला झालं नव्हतं, वारासुद्धा सरत नव्हता, आणि तशात ती चपात्या लाटत होती. आदितीनं तिला गाडीत घातलं आणि त्यांच्या नेहमीच्या दवाखान्यात नेलं. वाटेतूनच फोन केला. मग काय, तासाभरात स्कॅन झाला, सर्जन हजर, ऑपरेशनची खोली तयार. मे महिन्यापासून जी दारं बंद होती ती एका फोनसरशी सगळी उघडली. बैल गेला आणि झोपा केला.

सर्जन बाहेर आले ते मान हलवतच. गाठीनं आतडं पुरतं बंद केलं होतं आणि ती यकृतापर्यंत पसरली होती. काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. वाट मोकळी व्हावी म्हणून त्यांनी आतड्याचं तोंड पोटावर काढलं आणि त्याला पिशवी लावली. "इतके दिवस काय करत होता तुम्ही?" त्यांनी आदितीला विचारलं. तिनं माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगितलं, पाकिटांपासून शपथेपर्यंत. ती पोर माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती रडली.

अण्णा दुसऱ्या दिवशी बघायला आले. खर्च त्यांनीच केला, त्यावर एक शब्दही बोलले नाहीत. सर्जनना त्यांनी विचारलं, गाठ नेमकी कुठं होती. सर्जननी स्वतःच्या पोटावर बोट ठेवून दाखवलं. अण्णांनी त्याच जागी आपल्या शर्टावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

रत्नाबाई चाळीत परत आली. पिशवीसकट. चौका गेला, ते तिला कुणी सांगायची गरज पडली नाही. बस्तीतही ती आत जाईना. बाहेरच्या कट्ट्यावरनं हात जोडायची आणि परत फिरायची. पारसची बायको येऊन-जाऊन करायची. शेजारणी दारावरनं जाताना नाकाला पदर लावायच्या. मंडळातल्या सदतीस बायकांपैकी दोन महिन्यांत तिच्याकडे फिरकल्या तीन, मी धरून. पिशवी कशी बदलायची ते मी शिकले. पहिल्यांदा मला ओकारी आली. "बाई, बाजूला व्हा, मी करतो," असं म्हणून ती मलाच धीर द्यायला लागली. मी काय बाजूला होणार? जिथं व्हायला नको होतं तिथं आधीच झाले होते.

फेब्रुवारीत अन्न पोटात ठरेना. दुखणं आत सगळीकडे पसरलं होतं. पेज दिली तरी उलटून पडायची.

आणि गावात बातमी पसरली की रत्नाबाईनं अन्न सोडलं.

मंडळाच्या अध्यक्षीणबाई माझ्याकडे धावत आल्या. डोळ्यांत पाणी, पण चेहरा उजळलेला. "सल्लेखना घेतली म्हणे त्यांनी? आपल्या गावात कित्येक वर्षांत झाली नाही. धन्य झालं गाव!" सल्लेखना हे आमच्यातलं सगळ्यात मोठं व्रत. आयुष्याचा शेवट जवळ आला हे ओळखून, सगळ्या इच्छा मिटवून, समजून-उमजून अन्नपाणी सोडायचं आणि शांतपणे मरणाला सामोरं जायचं. माझ्या आजोळी एका आजींनी ती घेतली होती. त्यांचा चेहरा मी विसरलेले नाही. त्या व्रतापुढं माझी मान आजही खाली होते. पण रत्नाबाईनं काहीही घेतलं नव्हतं. मी बाईंना तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, "तुम्हाला काय कळणार तिच्या मनातलं?" खरंच कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून दर्शनाला रीघ लागली. ज्या बायका नाकाला पदर लावत होत्या त्याच पायावर डोकं ठेवू लागल्या. खोलीत नारळ जमले, कुणी णमोकार मंत्राची टेप लावली. रत्नाबाई डोळे मिटून पडलेली. पारस दारात उभा राहून सगळ्यांना वाट करून देत होता, आणि त्याच्या तोंडावर एक विचित्र अभिमान होता. जन्मभर मागावर मान घालून राबणाऱ्या पोराला लोक पहिल्यांदाच हात जोडत होते. मला त्याचा राग आला नाही.

चौथ्या दिवशी व्रत विधीनं द्यावं म्हणून बस्तीच्या उपाध्येकाकांना बोलावलं. उपाध्येकाका म्हणजे आमचे पुजारी. ऐंशीच्या पुढचे, कडक आणि कमी बोलणारे. ते काठी टेकत आले, टेप बंद करायला लावली आणि तिच्या उशाशी सतरंजीवर बसले. खोलीत पंधरा-वीस बायका, दारात तेवढेच पुरुष.

"रत्नाबाई," ते म्हणाले, "कुणाच्या सांगण्यावरनं न्हवं. तुझ्या मनानं अन्न सोडलंयस काय?"

तिनं डोळे उघडले. आधी पारसकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता ही पुन्हा सगळ्यांना सांभाळून घेणार.

"न्हाई, काका," ती म्हणाली. "मला भूक लागलीया. रोज लागतीया. पोटात ऱ्हात न्हाई, म्हणून."

बोलताना तिला धाप लागत होती, तरी ती थांबली नाही.

"भादव्यातलं दहा उपास बी व्रताचं न्हवतं. खाल्लं की कळ यायची, म्हणून केलं. शाल घेतली मी तसलीच. पाप लागलं आसंल न्हवं?"

उपाध्येकाकांनी काठी खाली ठेवली. मग त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला. "तुला न्हाई लागलं, बाळ." काठी घेऊन ते उठले आणि आमच्याकडे वळले. "हे व्रत न्हवं. ही उपाशी हाय. चला, उठा सगळे." अध्यक्षीणबाई काहीतरी बोलायला गेल्या, पण त्यांनी ऐकून घेतलं नाही.

खोली रिकामी झाली. पारस भिंतीला तोंड लावून रडत होता. मी घरून पातळ पेज करून आणली, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि दोन चमचे पाजले. तिनं डोळे मिटून गिळले. पाच मिनिटांत ते सगळं बाहेर आलं. मी तिचं तोंड पुसलं, पदर सारखा केला, वाटी उचलून बाजूला ठेवायला गेले.

"ठेवू नगा, बाई," ती म्हणाली. "आणि एक चमचा द्या की."